सतरा नंबरचा धूर

शनिवार, २

सतरा नंबरच्या बसचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आज नवा बसवला. जुन्याचं बेअरिंग झिजलं होतं, तेल हवेच्या वाटेने इंजिनात उतरायचं आणि मागून निळा धूर निघायचा. सतरा नंबर चढाच्या रस्त्यावर धावते, म्हणून हे काम मी कोणावर सोपवलं नाही. हेडमेकॅनिक म्हणजे खुर्चीत बसून नाकाने कांदे सोलणारा माणूस नव्हे, हे मी कामगारांच्या सभेत नेहमी सांगतो. ते हाताने दाखवावंही लागतं.

हवेचे पाइप उघडे असताना आत धूळ जाऊ नये म्हणून तोंडांत कापडाचे बोळे कोंबतो. स्टोअरच्या करड्या चिंध्यांचे धागे सुटतात. मी गेल्या वर्षीच्या मोर्चातला पिवळा कापडी फलक फाडून त्याच्या पट्ट्या करून ठेवल्यात. कापड घट्ट विणीचं आहे. 'ज्याचं काम, त्याचं नाव' असं त्यावर मीच रंगवलं होतं. तेव्हा मागणी होती की चांगल्या दुरुस्तीखाली करणाऱ्याचं नाव लागावं. मागणी वाऱ्यावर गेली, कापड कामाला आलं.

काम निम्म्यावर असताना साहेबांनी वर बोलावलं. फळ्याची माझी सूचना त्यांनी मान्य केली. ज्या दुरुस्तीची गाडी आठवड्याच्या आत परत येईल, ती करणाऱ्याचं नाव फाटकाजवळच्या फळ्यावर लागणार, दोन आठवडे. सगळ्यांना एकच नियम, हेडमेकॅनिकलाही. जिना उतरताना माझ्या डोक्यात सोमवारचं भाषण तयार होत होतं. वीस मिनिटांत क्लॅम्प आवळले, रजिस्टरवर सही ठोकली. इंजिनाच्या डिझेल पंपाचं माप पंपरूममधल्या भावोजींनी आधीच लावून ठेवलं होतं.

घरी डांगरीचे खिसे रिकामे केले. सकाळी चार पट्ट्या नेल्या होत्या, तीन निघाल्या. एक कुठेतरी पडली असेल.

सोमवार, ४

सभा उत्तम झाली. मी म्हणालो, चूक लपते तिथे माणूस सडतो. नाव लिहिण्याने अपमान होत नाही, नाव लपवण्याने होतो. टाळ्या पडल्या. फळा टांगला. भावोजी शेवटच्या रांगेत उभे होते. ते माझ्या ताईचे यजमान. पंपरूममध्ये एकतीस वर्षं एकटे काम करतात, आणि मला पहिला पाना धरायला त्यांनीच शिकवलं. सभा संपल्यावर म्हणाले, "वक्ते, फळा छान आहे. जरा खाली टांगा. लिहिणाऱ्याचा हात पोचतो, पुसणाऱ्याचाही पोचू दे."

त्यांना माझी थट्टा केल्याशिवाय चहा गोड लागत नाही. मला वक्ते म्हणणारे ते एकटेच.

सतरा नंबर सकाळी लवकर सुरू झाली नाही म्हणे. थंडी असेल.

बुधवार, ६

थंडी नव्हे. तीन दिवस तेच. पाच-सहा वेळा सेल्फ मारावा लागतो, आधी पांढरा धूर, मग खोकत खोकत इंजिन सुरू होतं. चढाला लागली की काळा धूर आणि ओढ नाही. ड्रायव्हरबाई गाडीखालच्या खड्ड्याजवळ, पिटजवळ येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "तुमचं भाषण एका फटक्यात सुरू होतं. गाडीचं तेवढं बघा." पोरं खो खो हसली. मीही हसलो.

धुराला भाषा असते, हे मी नव्यांना शिकवतो. निळा म्हणजे तेल जळतंय, पांढरा म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. हवेचा फिल्टर काढून उजेडात धरला, आरपार स्वच्छ. बॅटरी ठीक. नोझल तपासले, फवारा बारीक. टर्बो नवा, आणि तो मीच बसवलेला. मग उरतं काय? पंप डिझेल जास्त सोडतोय.

सुरू करताना बॉनेटखालून कापड जळल्यासारखा वास येतो. कुठेतरी वायरचं आवरण तापत असेल. इलेक्ट्रिशियनला बघायला सांगितलं, त्याला काही सापडलं नाही.

पंप काढून भावोजींकडे दिला. त्यांनी तो हातात घेतला, पण बघत होते इंजिनाकडे. मग हळूच विचारलं, "टर्बो बसवला त्या दिवशी पाइपांची तोंडं कशाने झाकली होती?" मी म्हणालो, नेहमीसारखी. ते "बरं" म्हणाले आणि गेले. स्वतःच्या टेबलावरचं काम दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायची ही रीत मला त्यांच्याकडून अपेक्षित नव्हती.

शुक्रवार, ८

पंप दोनदा पंपरूमच्या टेस्ट बेंचवर लावून तपासला. भावोजींच्या वहीप्रमाणे सगळी मापं बरोबर. गाडीवर चढवला की पुन्हा तोच काळा धूर. मी म्हणालो, मग तुमचा बेंच खोटं बोलतोय. ते म्हणाले बेंच म्हातारा आहे, खोटारडा नाही. मी म्हणालो, म्हातारी माणसंही स्वतःला तेच सांगतात.

हे बोलायला नको होतं. पण मुद्दा चुकीचा नाही. एकतीस वर्षांत माणसाच्या बोटांवर इतका विश्वास बसतो की आकड्यांकडे बघायचं राहून जातं. भावोजींनी पंप बेंचवरून उतरवला. पंप कापडात गुंडाळताना लेकरू गुंडाळावं तसा गुंडाळत होते.

सोमवार, ११

आज फळ्यावर पहिलं नाव लागलं. मी स्वतः लिहिलं, आणि मुद्दाम मोठ्या अक्षरांत. नात्यातल्या माणसापासून सुरुवात केली नसती तर उद्या कोणीही बोट दाखवलं असतं.

भाषणही केलं. मी म्हणालो, पंपरूम ही या वर्कशॉपची देवघरासारखी खोली झाली आहे, आत काय चालतं ते कोणी विचारायचं नाही. जुन्या बेंचवर जुनी बोटं फिरतात आणि चढावर पन्नास माणसं धुरात खोकतात. वाक्य जमलं होतं. जमलेलं वाक्य तोंडात आलं की ते गिळता येत नाही, हा माझा जुना दोष आहे. वरच्या खिडकीत साहेब उभे राहून ऐकत होते. एरवी ते खिडकी लावून घेतात.

टाळ्या कमी पडल्या. भावोजींनी फळ्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही. जाताना म्हणाले, "येतो, हेडसाहेब."

बुधवार, १३

नोटीस लागली. पंपरूम महिनाअखेर बंद. पंप यापुढे बाहेरच्या कंपनीकडे जातील, टेस्ट बेंच भंगारात, भावोजींची बदली धुलाईच्या शेडमध्ये, उद्यापासून. कारण म्हणून दोन ओळी छापल्या आहेत: 'जुन्या बेंचवर जुनी बोटं फिरतात, असे खुद्द हेडमेकॅनिक यांनी जाहीर सभेत निदर्शनास आणले आहे.'

बारा वर्षं मी याच फाटकावर घसा फोडून सांगतोय की आपलं काम बाहेर जाऊ देणार नाही. आता ते माझ्याच तोंडून बाहेर चाललंय. वर जाऊन साहेबांशी भांडलो. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, तुमचं बोलणं खोटं होतं असं लिहून द्या, मी नोटीस काढून घेतो.

खोटं नव्हतं. मी लिहून दिलं नाही. खाली आलो तेव्हा कोणी विचारलं नाही काय झालं.

रविवार, १७

ताईकडे गेलो. दर रविवारी जातो, आज न जाणं म्हणजे चूक कबूल करणं. भावोजी बाहेर गेले होते. मी येणार म्हणूनच गेले असावेत. ताईने पाणी दिलं, चहा दिला, आणि समोर शेंगा निवडत बसली. मी नियम समजावून सांगितला. घरच्यांसाठी वेगळा फळा लावता येत नाही, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं. लहानपणी कट्ट्यावर उभा राहून मी भाषण करायचो आणि ती एकटी समोर बसून ऐकायची, अगदी तशीच.

मग म्हणाली, "त्या शेडमध्ये दिवसभर सोड्याच्या पाण्यात हात असतात ह्यांचे. बोटांना चिरा गेल्यात. घरी आले की अंगठा बोटांवर फिरवून बघतात, काही कळतंय का. मला म्हणाले, केस फिरवला तर कळायचा गं मला, आता दोराही कळत नाही."

मी म्हणालो, मलम लावायला सांग.

ती म्हणाली, "सांगते. तू चहा घे, निवतोय."

मंगळवार, १९

आज जे झालं ते लिहायलाच हवं. लिहिलं नाही तर उद्यापर्यंत मी ते वेगळं आठवायला लागेन.

बाहेरच्या कंपनीचा नवा पंप सकाळी आला. मी एकट्याने बसवला. इंजिन सुरू केलं. सात वेळा सेल्फ, पांढरा धूर, खोकला, मग पिटमध्येच इंजिनावर जोर दिला तर काळा धूर, होता तसाच. नवा पंप, नव्या बेंचवर लावलेला, नव्या बोटांनी. मी इंजिन बंद केलं आणि बराच वेळ पान्याशी खेळत उभा राहिलो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. पहिल्या अर्ध्या वाक्यावर मी अख्खं भाषण उभं केलं होतं. दुसरं अर्धं मी कधी उघडून बघितलंच नव्हतं, कारण हवेच्या वाटेवर माझी सही होती.

जेवणाची सुट्टी झाली, सगळे गेले. मी इंजिनाच्या तोंडाशी येणारा हवेचा पाइप सोडवला. तिथे थंडीत हवा तापवण्यासाठी हीटरची जाळी असते. जाळीला एक पिवळं कापड चिकटून बसलं होतं, तेलाने काळवंडलेलं, जाळीच्या तारांचे चौकोन त्यावर भाजून उठलेले. ओढून काढलं. एका टोकाला माझ्या हातची दोन अक्षरं आणि तिसऱ्याचा अर्धा भाग. 'त्याचं' एवढं वाचता येत होतं.

चौथी पट्टी.

आजूबाजूला बघितलं. आयुष्यात आधी कधी असं बघितलं नव्हतं. पट्टी डांगरीच्या खिशात घातली, पाइप जोडला, हात पुसले. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. धूर नाही.

बुधवार, २०

ड्रायव्हरबाई चढ चढून आली आणि हॉर्न वाजवत आत शिरली. सगळ्यांसमोर म्हणाली, हेडमेकॅनिक बोलले ते खरं निघालं बाई, पंपच होता. साहेबांनी खाली येऊन हात मिळवला. बेंच पुढच्या सोमवारी भंगारवाला उचलणार. मी काहीच बोललो नाही. लोकांना तो विनय वाटला.

शुक्रवार, २२

काल लिहिलं नाही. लिहिण्याजोगं एकच होतं आणि ते खिशात होतं. जाळून टाकता आलं असतं. वर्कशॉपमध्ये भट्टी आहे, माझ्याकडे काडेपेटी आहे. का जाळलं नाही ते कळत नाही. मी स्वतःला सांगितलं की योग्य वेळ बघतोय. योग्य वेळ हा शब्द मी साहेबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की त्यावर माझं एक स्वतंत्र भाषण आहे.

आज संध्याकाळी घरी आलो तर पट्टी गॅलरीत दोरीवर वाळत होती. बायकोने डांगरी धुताना खिशातून काढली, घासून धुतली, दोन चिमटे लावून टांगली. तेल गेलं होतं, रंग तेवढा राहिला होता. ऊन तिच्यातून आरपार येत होतं, आणि भाजलेले चौकोन कोणीही रस्त्यावरून मोजावेत इतके स्पष्ट.

मी झटकन काढायला गेलो. ही आतून म्हणाली, "ओली आहे अजून. तुमच्या फलकाची ना? कशाने भाजली?"

मी म्हणालो, वर्कशॉपमधलं कापड आहे, असंच.

"असंच," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "ताईंचा फोन होता. भावोजींनी शेडमध्ये कायमचं राहायचं लिहून दिलंय. म्हणाले, बेंच जाताना मला बघायचं नाही."

शनिवार, २३

धुलाईच्या शेडमध्ये गेलो. भावोजी रबरी बूट घालून बसखाली पाणी मारत होते. मी पट्टी काढून त्यांच्यासमोर धरली. काय बोलायचं ते वाटेत तीनदा जुळवलं होतं.

त्यांनी नळी बंद केली. पट्टी घेतली, चिरलेल्या बोटांनी चाचपली, कळली नाही म्हणून गालाला लावून बघितली. म्हणाले, "धुतलीत?"

मी म्हणालो, हिने धुतली.

"जाळीवर होती ना? मला वास आला होता. पहिल्याच बुधवारी. कापडाचा वास आणि वायरचा वास यात फरक असतो, हेडसाहेब."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही.

"विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, नेहमीसारखी. पुन्हा विचारायचं तर सगळ्यांसमोर विचारावं लागलं असतं. बायकोच्या भावाला पहिल्याच आठवड्यात फळ्यावर चढवून रविवारी घरी कसं बसणार होतो? म्हटलं, आज ना उद्या पाइप उघडेल. हुशार आहे."

मी म्हणालो, मी तुम्हाला चढवलं.

"चढवलंत," ते म्हणाले. "अक्षर मात्र सुरेख काढलंत."

मी सोमवारी सभेत सगळं सांगतो म्हणालो. चुकीवर, अहंकारावर, माणसाच्या हातांवर बोलेन, त्यांची जाहीर माफी मागेन. माझा आवाज चढायला लागला होता, मलाच ऐकू आला. भावोजींनी नळी पुन्हा सुरू केली आणि पाण्याच्या आवाजावरून म्हणाले, "बोलू नका. लिहा. तुमचा नियम लिहिण्याचा आहे."

सोमवार, २५

भंगारवाल्याचा ट्रक आठ वाजताच फाटकात येऊन थांबला होता. सभेला सगळे होते. साहेब खिडकीत, ड्रायव्हरबाई तिच्या बसच्या पायरीवर. मी फळ्याकडे गेलो. दोन आठवडे उन्हात भाजलेला, टायरवर खुणा करायचा मेणखडू. ओल्या कापडाने भावोजींचं नाव पुसलं, कोरड्याने पुसलं, हाताने घासलं. जात नव्हतं. ठसठशीत लिहिण्यासाठी मी त्या दिवशी खडू दाबून दोनदा गिरवलं होतं. शेवटी तसंच ठेवलं आणि त्यावर माझं नाव लिहिलं. वाचणाऱ्याला दोन्ही दिसत होती.

मग वळलो आणि म्हणालो, "सतरा नंबरच्या हवेच्या पाइपात कापड मी विसरलो. नवा पंप बसवल्यावरही धूर होता, तो मी एकट्याने बघितला. कापड मंगळवारी सापडलं आणि सहा दिवस मी लपवलं. जुना पंप बरोबर होता." पट्टी फळ्याच्या खिळ्याला अडकवली.

पुढे काही सुचलं नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी शिवीही दिली नाही. शिवी बरी वाटली असती. मागून एक जण म्हणाला, झालं? मी म्हणालो, झालं. लोक कामाला गेले.

ड्रायव्हरबाई माझ्या अंगावरून जाताना थांबली. म्हणाली, "माझ्याकडून खोटं बोलवून घेतलंत सगळ्यांसमोर. ते कुठल्या फळ्यावर लिहू?"

वर जाऊन साहेबांना लिहून दिलं, त्यांनी त्या दिवशी मागितलं होतं तसं. त्यांना आनंद झाला नाही. पण लिहून देण्याची अट त्यांचीच होती, आणि जुना पंप सतरा नंबरवर चढवून दाखवा म्हणाले. चढवला. पहिल्या फटक्यात सुरू, चढावर साफ. ट्रक रिकामा गेला. पंपरूम सहा महिने राहील, मग बघू, असं साहेब म्हणाले. मला त्यांनी हेडमेकॅनिकच्या जागेवरून काढलं. उद्यापासून पिट नंबर तीन.

भावोजी शेडमधून पंपरूमपर्यंत चालत गेले, कुलूप उघडलं, आत गेले आणि दार लावून घेतलं.

शनिवार, ३०

रविवारी ताईकडे जावं की नाही, याचा पाच दिवस विचार करतोय.

आज काम संपल्यावर स्टोअरमधून काळ्या रंगाचा डबा आणि ब्रश घेतला. माझं नाव पुसायला नव्हे, त्याचे दोन आठवडे अजून व्हायचेत. खालचं नाव तेवढं मला बघवत नव्हतं. माझ्या अक्षरांना धक्का न लावता मधल्या जागा रंगवत होतो. नक्षीकाम करावं तसं एकेक पांढरी रेघ बुजवत होतो.

मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. बोटांना मलमाचा वास. भावोजींनी बराच वेळ बघितलं. मग पुढे होऊन अंगठा ओल्या रंगाजवळ नेला, न टेकवता.

"एका हाताने झाकणार नाही," ते म्हणाले. "दोन हात द्या, वक्ते. आणि पहिला वाळू द्या मध्ये."

ते फाटकाबाहेर गेले. मी तिथेच उभा राहून पहिला हात वाळायची वाट बघितली.